मदत हवी आहे: चकली पाकिटात मऊ पडतेय

परळकर७
आई, बायको आणि मी चार महिन्यांपासून भाजणीची चकली विकतोय. काल दादरच्या दुकानदाराने चाळीस पाकिटं परत केली. फोडून बघितलं तर चकली मोडायच्या ऐवजी वाकते! गणपतीच्या ऑर्डरी तोंडावर आल्यात. लवकर सांगा.

भाजणीवाली
मोहन, म्हणजे पिठात घालता ते गरम तेल, किती? तेल कुठलं? किती दिवसांनी मऊ पडते?

परळकर७
आठ-दहा दिवसांनी. मोहन आईच्या अंदाजाने. घरच्या डब्यात महिनाभर कुरकुरीत राहते हो.

तळणकर
मोहन वाढवा.

भाजणीवाली
वाढवलं तर तेलात विरघळेल. आणि डब्यात टिकते म्हणतोय ना तो, मग मोहनाचा काय दोष?

नियमवाला
पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर छापलाय का? एमआरपी, वजन, पॅकिंगची तारीख?

परळकर७
आहे सगळं. ते नाही विचारलं.

गिरगावकर
१९५९ साली आमच्या गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केलं. धीर धरा.

भाजणीवाली
पापड सादळला तर उन्हात टाकता येतो. चकली कुठे टाकणार, तीही या पावसात?

तळणकर
मग नायट्रोजन भरायचं मशीन घ्या. सगळे वेफरवाले भरतात.

पॅकिंगदादा
नायट्रोजन तेल खवट होऊ नये म्हणून. पाकीटच हवा खात असेल तर तो टिकणार कसा? पाकीट कुठलं, भरता कधी, हे कोणी विचारलंच नाही.

परळकर७
मशीद बंदरची साधी पारदर्शक पाकिटं. रात्री तळून परातीत ठेवतो, सकाळी बायको भरते.

पॅकिंगदादा
म्हणजे पावसाळ्यात रात्रभर उघडी! पूर्ण गार झाली की लगेच भरा, पण गरम भरू नका, वाफ आत धरते. आणि एक पाकीट बादलीत बुडवून दाबा.

परळकर७
दाबली. दहातल्या सहांच्या कोपऱ्यातून बुडबुडे. पाकीट चिकटवायच्या सीलरची पट्टी एका बाजूला जळलीय. बायको म्हणते, महिनाभर सांगतेय.

पॅकिंगदादा
पट्टी आजच बदला. पाकीटही जाड घ्या, आतून चंदेरी असतं ते.

तळणकर
तरी मोहन बघाच एकदा.

बोरिवलीची_काकू
पाव किलोला काय भाव? बोरिवलीला पोचवता का? परत आलेली नकोत हं.