मदत हवी आहे: ओसीटीतला पातळ थर आणि आईचा विसरभोळेपणा
आई ६८ वर्षांची. सहा महिन्यांपासून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते. बी१२, थायरॉइड नॉर्मल. स्मृतिचाचणीत ३० पैकी २४. डोळ्यांच्या ओसीटीत (डोळ्यातले थर किती जाड आहेत ते दाखवणारं स्कॅन) दृष्टिपटलाचा (रेटिना) मज्जातंतूंचा थर दोन्ही डोळ्यांत पातळ निघाला. अल्झायमरमध्येही तो पातळ होतो असं वाचलं आणि झोप उडाली. पण तिला सौम्य काचबिंदूही आहे (थेंब चालू, डोळ्यांतला दाब आटोक्यात), आणि त्यातही हाच थर झिजतो. मधुमेह नाही. नेत्रतज्ज्ञ म्हणतात काचबिंदूच, न्यूरॉलॉजिस्टनी ओसीटी पाहिलेलंच नाही. निदान मागत नाही. काचबिंदू असताना ओसीटीवरून स्मृतीबद्दल काही कळू शकतं का, की तो रिपोर्ट न्यूरॉलॉजिस्टकडे नेणंच व्यर्थ?