एकट्याचा धंदा: कामात जीव रमतो का?

मी अकरा वर्षं घरून डीटीपी करतो, म्हणजे छपाईसाठी पुस्तकांची पानं संगणकावर लावतो. नोकरीत कंटाळा आला तरी एक तारखेला पगार पडतो. इथे कंटाळा आला की पान तसंच पडून राहतं, आणि उठवायलाही कोणी नसतं. गेल्या महिन्यात श्रीलिपी या युनिकोडआधीच्या फॉन्टमधलं जुनं पुस्तक आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये आणताना निम्मे रफार उडाले. दोन दिवस हाताने बसवले आणि खरं सांगतो, महिन्यातले तेच दोन दिवस मजेत गेले. बिलाचे पैसे मागायला फोन करायचा म्हटलं की मात्र पोटात गोळा येतो. एकट्याने धंदा करणाऱ्यांनी लिहा. उपदेश नको, घडलेलं लिहा.

मोदकवाल्या, डोंबिवली
गणपतीत उकडीचे मोदक देते. पहिल्या वर्षी दोनशे केले, सगळे स्वतः. उकड गरम असतानाच मळायची, त्यामुळे हाताला चटके बसायचे. पण कळ्या सारख्या पडल्या की दुसरं काही आठवायचं नाही. तिसऱ्या वर्षी चतुर्थीच्या एका दिवसाची ऑर्डर अकराशेवर गेली. मदतीला दोघी ठेवल्या. मी फोन, डबे, पत्ते, "ताई, निघाला का माणूस?" यातच. दिवसभरात एकही मोदक वळला नाही. दुपारी दीडला, सगळे डबे गेल्यावर, घरच्या नैवेद्याचे एकवीस वळायला बसले तेव्हा कुठे सण आहे असं वाटलं. पुढच्या वर्षापासून पाचशेच घेते. सासूबाई म्हणाल्या, "दारी आलेली लक्ष्मी परत पाठवतेस." अजूनही म्हणतात.

घड्याळदुरुस्ती, सांगली
पोट चालतं ते सेल आणि पट्टे बदलण्यावर. दोन मिनिटांचं काम, त्यात काय रमायचं? पण एखादं चावीचं एचएमटी जनता आलं की दिवस वसूल. सेकंदाला पाच ठोके. कानाला लावलं की चाल बिघडलीय ते कळतं. एचएमटीची घड्याळ कंपनी 2016 मध्ये बंद झाली, त्यामुळे सुटे भाग जुन्या, मेलेल्या घड्याळांतून काढावे लागतात. मध्यंतरी एक मुलगा वडिलांचं घड्याळ घेऊन आला, बॅलन्सचा, म्हणजे आत डोलणाऱ्या चाकाचा, दांडा मोडलेला. तीन दिवस गेले. पैसे किती सांगावे कळेना, तीनशे घेतले. बायको म्हणते, तुमच्या हौसेचं बिल मी का भरू?

ब्लाउज आणि पिको-फॉल, सातारा
लग्नसराईत मजा वगैरे सुचत नाही, मान धरते. पण प्रिन्सेस कट पहिल्याच ट्रायलला बसला की गिऱ्हाईक आरशात जरा जास्त वेळ थांबतं. ते बघायला आवडतं.

फोटो स्टुडिओ, बारामती
मी उलटं लिहितो. पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड होतं, फ्लेमिंगोसाठी भिगवणला पहाटे चारला निघायचो. "आवडीचंच काम कर" असं सगळे म्हणाले म्हणून नोकरी सोडली आणि लग्नाच्या ऑर्डरी घेतल्या. कारण पक्ष्यांचे पैसे कोण देणार? दोन वर्षांत कॅमेऱ्याची बॅग उघडावीशी वाटेना. मग लग्नं बंद केली. आता पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. यात मजा शून्य, पण सातला शटर ओढलं की डोक्यात काही उरत नाही. गेल्या हिवाळ्यात परत भिगवणला गेलो. ते फोटो विकणार नाही, कोणी मागितले तरी.

मोदकवाल्या, डोंबिवली
सांगलीचे काका, तीन दिवसांचे तीनशे फारच कमी. माझ्याकडे आईचं चावीचं घड्याळ बंद पडलंय. पाठवते, पण नीट पैसे घ्या.

घड्याळदुरुस्ती, सांगली
पाठवा ताई. चावी देऊन बघू नका तेवढी, जोर लावलात तर स्प्रिंग तुटू शकते. पैशांचं घड्याळ उघडल्यावर बोलू.