बुजणारी घोडी आणि खोगीर

वरातीत नाचवलेली घोडी खोगीर पाहताच बुजते, म्हणून लगाम अधिक कडक करावा, असा सल्ला काही जण देतात. त्याच्याशी मी सहमत नाही. अकलूजच्या बाजारातून आणलेली आमची घोडीही हट्टी वाटत होती, परंतु पशुवैद्यांनी तपासल्यावर दाढांच्या धारदार कडांमुळे गालाला आतून जखमा झाल्याचे आढळले, आणि दाढा कानशीने घासून घेतल्यावर निम्मी तक्रार तिथेच मिटली. (दोष आधी जनावराला देण्याची आपली सवय जुनीच आहे.) पाठ, खूर आणि खोगिराची बसणीही तशीच तपासून घ्यावी.

त्यानंतर पंधरा दिवस तिच्या पाठीवर कोणीही बसले नाही. सोलापूरचे ऊन चढण्यापूर्वी केवळ मोहरकी (डोक्यावर बांधायची दोराची साधी बांधणी) घालून तिला मोकळ्या रानात चालवत असू. दोर किंचित ताणायचा आणि तिने एक पाऊल टाकताच, त्याच क्षणी, तो सैल सोडायचा. घोडा शिकतो तो ताण सुटण्यामुळे, आणि ही सुटका थोडी जरी उशिरा झाली तरी ती कशाबद्दल मिळाली हे त्याला उमगत नाही. कपाळाच्या अगदी समोरचे व थेट शेपटीमागचे त्याला दिसत नसल्याने जवळ जाताना खांद्याच्या बाजूने, बोलत जावे. खोगीर प्रथम नुसते हुंगू द्यावे, आणि तंग (खोगीर बांधण्याचा पोटाखालचा पट्टा) एका दमात न आवळता दोन-तीन टप्प्यांत आवळावा. आमची घोडी आता सवारीला शांत आहे. वाऱ्याने फडफडणाऱ्या ताडपत्रीला मात्र ती अजूनही बिचकते.