टेक्सास: ९ दिवस, सोबत आई-बाबा... काय बघू आणि काय सोडू?

नवा_डॅलसकर:
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीहून डॅलसजवळ प्लेनोला येऊन पाच महिने झाले, पण ऑफिस आणि घर लावणं यातच सगळा वेळ गेला, अजून धड काही बघितलेलं नाही. आता मार्चच्या शेवटी आई-बाबा येतायत, मी ९ दिवस सुट्टी टाकलीये. बाबांनी तिकडून व्हिडिओ बघून बघून यादीच पाठवली: ह्यूस्टनचं नासा, सॅन अँटोनियो, ऑस्टिन, बिग बेंडचं नॅशनल पार्क, एल पासो आणि 'जमलं तर' अमारिलोच्या त्या जमिनीत पुरलेल्या गाड्या. मॅपवर सगळं टाकलं तर नुसतं ड्रायव्हिंगच तीस तासांच्या वर निघालं, मी फोन बाजूला ठेवला.

आईचे गुडघे दुखतात आणि ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. बाबा ७१ पण उत्साह माझ्या दुप्पट. गाडी आमचीच. तर कात्री कुठे लावू? आणि सॅन अँटोनियोचं ते ऐतिहासिक अलामो खरंच बघण्यासारखं आहे का, कारण ऑफिसातला एक जण म्हणाला की पाच मिनिटांत बघून होतं.

ह्यूस्टनकाका:
यादी वाचून हसलो, रागावू नका, आम्हीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. तिकडे पूर्वेला दोन तास गाडी चालवली की राज्य बदलतं, इथे दोन तासांत फार तर पेट्रोल पंप बदलतो. जवळजवळ सात लाख चौरस किलोमीटरचं राज्य आहे हे, महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं. एल पासोहून ह्यूस्टनला यायला जितका वेळ लागतो साधारण तितक्यात माणूस उलट्या दिशेने सॅन डिएगोला समुद्रावर पोचतो, आणि एल पासोचं घड्याळसुद्धा आपल्यापेक्षा एक तास मागे. त्यामुळे एल पासो आणि अमारिलो आत्ताच खोडा. डॅलस-ह्यूस्टन-सॅन अँटोनियो-ऑस्टिन आणि परत डॅलस एवढाच त्रिकोण करा. ४ तास, ३ तास, दीड तास, शेवटी साडेतीन, तेही आय-३५ हायवेवर ट्रॅफिक नसेल तर, आणि तो असतोच.

नासाला, म्हणजे स्पेस सेंटर ह्यूस्टनला, पूर्ण दिवस ठेवा. सकाळी दार उघडताना पोचा आणि सगळ्यात आधी ट्रॅम टूरचं बघा, कारण दुपारी त्या रांगेत माणसाचा भुगा होतो. सॅटर्न ५ रॉकेट आडवं ठेवलंय, ३६३ फूट, आणि ते मॉडेल नाही, उड्डाणासाठी बनवलेलेच भाग आहेत. असली तीनच शिल्लक आहेत जगात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलात की बाबा गप्प होतील याची गॅरंटी माझी. अपोलो चांद्रमोहिमांचा जुना कंट्रोल रूम त्या काळी होता तसाच २०१९ मध्ये परत लावलाय, अॅश ट्रेसकट, पण तिथे ऐंशीच्या वर पायऱ्या आहेत, आईंसाठी काय सोय होईल ते आधीच विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी गॅल्व्हस्टन, ह्यूस्टनजवळचं समुद्रकाठचं गाव. पाणी निळंबिळं नाही हां, चहाच्या रंगाचं, फोटोंवर जाऊ नका. मी तरी लोकांना समुद्रासाठी नाही, गावासाठी नेतो. १९०० च्या वादळात हे गाव साफ झालं, किमान सहा हजार माणसं गेली, अमेरिकेतली ती सगळ्यात जीवघेणी नैसर्गिक आपत्ती आहे अजूनही. त्यानंतर या लोकांनी समुद्राला भिंत घातली आणि दोन हजारांवर इमारती जॅक लावून वर उचलल्या, चर्चसुद्धा, आणि खाली वाळू भरली! आज गावात फिरताना आपण बऱ्याच ठिकाणी त्या भरावावर चालतोय हे सांगितल्याशिवाय कळत नाही. तिथून बोलिव्हरला जाणारी फेरी फुकट आहे, गाडीसकट, डॉल्फिन दिसतात बऱ्याचदा, आणि आईंना एक पायरी चढावी लागत नाही.

वटवाघूळ_प्रेमी:
मी ऑस्टिनची. काकांना अनुमोदन, फक्त ऑस्टिनला एका संध्याकाळीत उरकू नका.

आधी अलामोचं. ऑफिसातला तो माणूस अगदीच चुकीचा नाही, वास्तू खरंच छोटी आहे आणि भोवती हॉटेलं आणि दुकानं, त्यामुळे 'हे एवढंच?' असं होतं. पण आदल्या रात्री बाबांना गोष्ट सांगून ठेवा. १८३६ साली टेक्सास मेक्सिकोतून फुटायला लढत होतं, तेव्हा मेक्सिकोचा सेनापती सांता आना याचं सैन्य बाहेर आणि आत टेक्सासची दोनेकशे माणसं, १३ दिवस वेढा, लढणारे जवळजवळ सगळे मारले गेले आणि त्यानंतर दीड महिन्यात सांता आनाच पकडला गेला. मग नऊ-दहा वर्षं टेक्सास हा चक्क स्वतंत्र देश होता, १८४५ मध्ये अमेरिकेत आला. इथल्या लोकांचा जो एक ताठा आहे ना, त्याचं मूळ इथे आहे. आत जायला पैसे नाहीत पण वेळ ऑनलाइन बुक करावी लागते.

अलामोपेक्षा मला स्वतःला तिथलीच बाकीची चार मिशन्स (जुनी स्पॅनिश चर्च-वसाहती, अलामोही मूळचं तेच) आवडतात, दक्षिणेला नदीकाठाने आहेत, २०१५ पासून पाचही मिळून युनेस्कोच्या जागतिक वारशात. सॅन होजेची दगडी नक्षीची खिडकी बघाच, गाडी अगदी जवळ लागते आणि गर्दी नसते. रिव्हर वॉक, म्हणजे गावातला नदीकाठचा फिरायचा रस्ता, संध्याकाळी. रस्त्याच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतराव्या लागतात, पण काही ठिकाणी लिफ्ट आहेत, आणि सरळ बोटीत बसा म्हणजे आईंचा प्रश्न मिटला. १९२१ च्या मोठ्या पुरानंतर या नदीचा वळसा झाकून टाकायच्या गोष्टी चालल्या होत्या म्हणे, मग ह्यूगमन नावाच्या आर्किटेक्टने काठाने दुकानं, पूल आणि बोटी असा उलटाच प्लॅन दिला. वाचली बिचारी.

ऑस्टिनला कॅपिटल, म्हणजे राज्याचं विधानभवन, बघा, १८८८ चं, गुलाबी ग्रॅनाइट, वॉशिंग्टनच्या कॅपिटलपेक्षा उंच आहे आणि हे इथला गाइड तुम्हाला सांगितल्याशिवाय सोडत नाही. संध्याकाळी काँग्रेस अॅव्हेन्यूचा पूल. १९८० मध्ये त्याची दुरुस्ती झाली तेव्हा खाली ज्या फटी राहिल्या त्या वटवाघळांना इतक्या आवडल्या की आता सीझनमध्ये पंधरा लाखांपर्यंत असतात. मार्चमध्ये ती मेक्सिकोहून नुकती परत येत असतात, त्यामुळे ऑगस्टसारखा धुराचा लोट दिसेलच असं नाही, पण दिसली तर बाबा वर्षभर सांगतील.

आणि तुमची वेळ खरी भारी जुळलीये ती ब्लूबॉनेटच्या रानफुलांसाठी! मार्च अखेर ते एप्रिल मध्य, रस्त्याच्या कडेला निळं-जांभळं पसरलेलं असतं. पाऊस कसा झाला त्यावर असतं सगळं, पण फ्रेडरिक्सबर्गच्या बाजूला एक चक्कर माराच. फुलांत बसून फोटो काढताना आधी काठी आपटा, साप असतात. आईंना चालवत नसेल तर लेडी बर्ड जॉन्सन वाइल्डफ्लॉवर सेंटरला न्या, वाटा सपाट आहेत.

खाण्याचं: टेक्स-मेक्समध्ये (इथलं टेक्सास धाटणीचं मेक्सिकन जेवण) शाकाहारी म्हणून रिफ्राइड बीन्स मागवाल तर त्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, भातातही चिकनचं पाणी असू शकतं. दरवेळी विचारा, लाजू नका. ह्यूस्टनला हिलक्रॉफ्ट भागात गेलात की प्रश्नच नाही, डोसा ते चाट सगळं.

निवडुंग:
सगळं मान्य, पण बिग बेंडवर अशी सहज फुली मारलेली बघवत नाही म्हणून लिहितोय. या ट्रिपमध्ये नकोच, ऑस्टिनहून एका बाजूला सात तास आहे, आईंना शिक्षा होईल. पण तुम्ही आता इथलेच आहात ना? मग नोव्हेंबरमध्ये वेगळे पाच दिवस काढा. सांता एलेना कॅन्यनमध्ये दोन्हीकडे पंधराशे फुटांचे कडे, मधून रिओ ग्रांडे नदी, डावीकडचा कडा मेक्सिको आणि उजवीकडचा अमेरिका. रात्री आकाशगंगा इतकी स्पष्ट दिसते की आमची मुलगी म्हणाली ढग आलेत. जाताना फोर्ट डेव्हिसजवळ मॅकडोनाल्ड वेधशाळेची स्टार पार्टी (रात्री दुर्बिणीतून तारे बघायचा कार्यक्रम) आधी बुक करून ठेवा.

दोन गोष्टी डोक्यात ठेवा. एक, टाकी अर्धी झाली की भरा, पुढचा पंप दिसेल तेव्हा दिसेल, फोनला रेंज नसते. दुसरी, आणि ही आपल्या लोकांना कोणी सांगत नाही, पार्कातून उत्तरेला परतताना बॉर्डर पेट्रोलची चौकी लागते, सगळ्यांचे पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद गाडीत हवेत. आम्ही घरी विसरलो होतो, पाऊण तास बाजूला उभे होतो, बायको अजून टोमणे मारते. तसंच पार्कातून बोकियासला होडीने मेक्सिकोत जाता येतं, लोक टाको खाऊन परत येतात, पण ती बॉर्डर क्रॉसिंग आहे. व्हिसावर असाल तर परत यायचे कागद पक्के असल्याशिवाय त्या होडीत पाय ठेवू नका.

नवा_डॅलसकर:
बापरे, एवढं सगळं! त्रिकोण फायनल. बाबांना बिग बेंडचं 'पुढच्या वेळी' असं सांगितलं तर म्हणाले पुढची वेळ कधी, तारीख सांग. 😅 ९ पैकी ६ दिवस त्रिकोण, उरलेले ३ डॅलसला काय करू? इथे नुसते मॉल आणि हायवे दिसतात मला.

फोर्टवर्थची_ताई:
अरे मग फोर्ट वर्थला ये की, प्लेनोहून तासभर! स्टॉकयार्ड्सला दिवसातून दोनदा, साडेअकरा आणि चारला, लांब शिंगांचे बैल भर रस्त्यातून नेतात. टुरिस्टी आहे, दहा मिनिटांत संपतं, तरी माझ्याकडे आलेला एकही पाहुणा नाराज परतलेला नाही. आईसाठी बाक आहेत पण अर्धा तास आधी जागा धर. मग किंबेल म्युझियम, कायमचा संग्रह फुकट आहे, आणि इमारत लुई कानची, ज्याने अहमदाबादचं आयआयएम बांधलं तोच. बाबांना छतातून उतरणारा उजेड दाखव.

वाटेत आर्लिंग्टन लागतं. कल्पना चावला इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकली, १९८४ ची एमएस, तिच्या नावाचं हॉस्टेल आहे कॅम्पसवर. नासा बघून आल्यावर इथे नेलंस तर जास्त भिडेल.

डॅलसमध्ये सिक्स्थ फ्लोअर म्युझियम, केनेडींवर ज्या इमारतीतून २२ नोव्हेंबर १९६३ ला गोळ्या झाडल्या तिचाच सहावा मजला, लिफ्ट आहे. खाली रस्त्यावर, गोळ्या लागल्या त्या जागी, फुल्या रंगवलेल्या दिसतील, तिथे फोटोसाठी लोक चालू ट्रॅफिकमध्ये धावतात, बाबांचा हात धरून ठेव.

आणि ऑस्टिनहून परतताना वेस्ट नावाच्या गावी थांब, टेक्सासच्या पश्चिमेला अजिबात नाहीये ते, आय-३५ वरच आहे. चेक लोकांचं गाव, कोलाचे म्हणून गोड पाव मिळतात, जर्दाळूचे, खसखशीचे. पण पिठात अंडं असतं रे, आई कट्टर असेल तर तिच्यासाठी डब्यात दशम्या घेऊन ठेव.