मदत हवी आहे: जुन्या बायॉसवर व्हेंटॉय अडते, एकच पेनड्राइव्ह ठेवावा की दोन?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयात पाच जुने संगणक असून, चारांवर लिनक्स मिंट आणि हिशेबाच्या एकावर विंडोज १० बसवायचे आहे. दोन्हींसाठी १६ जीबीचा एकच पेनड्राइव्ह कपाटात कायम ठेवावा, अशी इच्छा आहे. आयएसओ फायली (इन्स्टॉलेशन डिस्कच्या प्रती) दारव्ह्याहून उतरवून आणल्या असून त्यांचे चेकसम (फाइल न बिघडता उतरल्याची खूण) जुळले आहेत. तेव्हा पुन्हा डाउनलोड करण्याचा सल्ला कृपया नको.

माझ्या मिंटच्या लॅपटॉपवरून डीडीने (फाइल पेनड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवणारी लिनक्सची आज्ञा) लिहिलेला पेनड्राइव्ह चारही संगणकांवर सुरू होतो. विंडोजची आयएसओ मात्र हायब्रिड (डिस्क आणि पेनड्राइव्ह दोन्हींवरून सुरू होणारी) नसल्याने डीडीने लिहून बूट होत नाही, आणि तिच्यातील ‘इन्स्टॉल.विम’ ही फाइल ४ जीबीहून मोठी असल्यामुळे, एवढी मोठी फाइल न घेणाऱ्या फॅट३२ फॉरमॅटवर नुसती कॉपीही करता येत नाही. एचर हे पेनड्राइव्ह लिहिण्याचे साधनही डीडीसारखेच जसेच्या तसे लिहिते, म्हणून त्याच्या वाटेला गेलो नाही.

शेवटी व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ ठेवून मेनूतून हवी ती सुरू करू देणारे साधन) बसवले. यूईएफआय (संगणक सुरू करणारी नवी प्रणाली) असलेल्या हिशेबाच्या संगणकावर, सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) बंद ठेवून, दोन्ही आयएसओ सुरळीत चालतात. परंतु फक्त लेगसी बायॉस (तीच जुनी प्रणाली) असलेल्या दोन संगणकांवर व्हेंटॉयचा मेनू दिसतो आणि मिंट निवडताच काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात रेघ लुकलुकत राहते. वीस मिनिटे थांबूनही पुढे काही नाही. पेनड्राइव्हवर एमबीआर या जुन्या पद्धतीचे विभाजन आहे, व्हेंटॉयचा ग्रब२ मोड आणि मागचा यूएसबी पोर्टही वापरून पाहिला.

अशा बायॉससाठी व्हेंटॉयमध्ये आणखी काही बदल करावा लागतो का, की मिंटसाठी डीडी आणि विंडोजसाठी वोयूएसबी (लिनक्सवरून विंडोजचा पेनड्राइव्ह बनवणारे साधन) असे दोन पेनड्राइव्ह ठेवणेच बरे?