चर्चा: मुरलेल्या डॉक्टरनं अधिष्ठात्याच्या (डीनच्या) खुर्चीत बसावं का?

केळीबाग, रावेर
आमच्या भागातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिनचे एक प्राध्यापक होते. गेल्या महिन्यात ते अधिष्ठाता झाले. चौकात बॅनर लागले, सत्कार झाले. मला मात्र वाईट वाटलं, आणि का वाटलं ते इथे मांडतो.

माझ्या आईला दोन वर्षं मानेच्या मणक्याची औषधं चालू होती. या डॉक्टरांनी तिला दारातून खुर्चीपर्यंत येताना फक्त पाहिलं, हात मांडीवर ठेवायला सांगितला आणि म्हणाले, हा पार्किन्सन आहे, कंपवात. अशी नजर वीस-पंचवीस वर्षं रोज शंभर पेशंट बघून येते. आता त्यांच्या दाराबाहेर फायली घेतलेले कारकून उभे असतात.

जळगावला २०१८ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, नंदुरबारला २०२० मध्ये. धुळ्याचं तर जुनंच. इमारती झाल्या, पण इकडे अनुभवी माणूस टिकत नाही, बदलीची वाट बघत दिवस काढतो. जो टिकला त्यालाच आपण टेंडर आणि बिंदुनामावलीत (आरक्षणानुसार पदं भरायच्या यादीत) बसवतो. मला हे चुकीचं वाटतं. खुर्चीत कुणीही बसू शकेल, ओपीडीत नाही.

निवृत्त मास्तर, अमळनेर
भाऊ, 'खुर्चीत कुणीही बसू शकेल' हे मला मान्य नाही. मीही कॉलेजात हयात काढली आहे. वाईट प्राचार्य आला की पाच वर्षांत ग्रंथालयाचं गोदाम होतं.

रॉजर बॅनिस्टर घ्या. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस, ६ मे १९५४ रोजी, ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत. तेव्हा तो मेडिकलचा विद्यार्थी होता. त्याच वर्षी शर्यती सोडून तो डॉक्टरकीला लागला आणि पुढे मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून नाव कमावलं. १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजचा प्रमुख झाला आणि १९९३ पर्यंत राहिला. माणूस एका कामातून दुसऱ्यात जातो तेव्हा पहिलं वाया जात नाही. धावणं सोडलं म्हणून त्याला कुणी दोष दिला का?

स्टेथो, धुळे
मास्तर, आदर ठेवून सांगतो, हा दाखला इथे बसत नाही. ऑक्सफर्डचं कॉलेज म्हणजे आपलं मेडिकल कॉलेज नव्हे. तिथे मुलं राहतात, जेवतात, दोन-तीन जणांच्या गटात शिक्षकासमोर बसून शिकतात. प्रमुखाला तिथले फेलो, म्हणजे कॉलेजचे वरिष्ठ शिक्षक-सदस्य, निवडतात. दवाखाना त्याच्या अंगावर नसतो.

आपल्याकडे अधिष्ठाता म्हणजे काय ते मी जवळून पाहिलंय. रात्री ऑक्सिजनचा दाब कमी झाला, फोन त्यांना. नातेवाइकांनी इंटर्नला मारहाण केली, फोन त्यांना. रक्तपेढी, मेसचं पाणी, कोर्टाची तारीख, मंत्र्याचा दौरा, वैद्यकीय आयोगाची तपासणी, सगळं त्यांच्याकडेच. पेम्ब्रोकची खुर्ची बॅनिस्टरला साठीकडे झुकताना मिळाली, आणि ती विचार करायला वेळ देणारी होती. आपली खुर्ची वेळ खाते.

तरीही 'कुणीही बसेल' हे मलाही पटत नाही. नियमानं तिथे वर्षानुवर्षं शिकवलेला वैद्यकीय प्राध्यापकच लागतो, आणि ते बरोबर आहे. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर आधी हवा की रंगरंगोटी, हे ज्यानं वॉर्डात रात्र काढली त्यालाच कळतं.

गिरणाकाठ, चाळीसगाव
मग बॅनिस्टर सोडा, जीवराज मेहता घ्या. १९२५ ते १९४२, सतरा वर्षं ते मुंबईच्या जी. एस. मेडिकल आणि केईएमचे अधिष्ठाता. इंग्रजी राज्य होतं, आणि देणगीदारांची अट होती की तिथे शिकवणारे भारतीयच हवेत. ते उभं करायला डॉक्टरच लागला. मेहतांनी त्या वर्षांत स्वतः किती पेशंट तपासले हे आज कुणी विचारत नाही. तिथून शिकून किती डॉक्टर बाहेर पडले ते बघा, आपल्या जिल्ह्यांतसुद्धा सापडतील.

केळीबाग भाऊ, तुम्हनं दुख माले समजस. पन एक डॉक्टर दिवसाला शंभर पेशंट बघतो, आणि चांगला अधिष्ठाता वर्षाला शंभर डॉक्टर घडवतो.

केळीबाग, रावेर
मुंबईत एक गेला तर दुसरा उभा असतो, हा फरक आहे ना? आपल्याकडे जो गेला त्याची जागा रिकामीच. आणि ते शंभर डॉक्टर घडवायचे तर कॉटशेजारी उभं राहून शिकवावं लागतं. केबिनमधून कुणाला नाडी बघायला शिकवता येते? ते राउंड घेणार असतील तर मी आत्ता माघार घेतो.

तिसऱ्या वर्षाची
मी एका मेडिकल कॉलेजात शिकते, म्हणून लिहिते. आमच्या अधिष्ठाता मॅडम आठवड्यातून एक दिवस सकाळी वॉर्डात यायच्या. त्या दिवशी आम्ही कुणीही दांडी मारत नसू. एकदा एका आजीच्या प्लीहेवर माझा हात धरून ठेवला आणि म्हणाल्या, श्वास घे म्हणावं, आता बोटाला काय लागतं ते सांग. ते पुस्तकात तीनदा वाचलं होतं, कळलं त्या दिवशी. पुढे तपासण्या आणि बैठका वाढल्या, आणि तो दिवस बंद झाला. त्यात त्यांचा दोष नव्हता. वैद्यकीय अधीक्षक आणि कार्यालयानं निम्मं ओझं उचललं असतं, तर तो दिवस वाचला असता.

स्टेथो, धुळे
हेच म्हणतोय. भांडण खुर्चीशी नको. साध्या खरेदीच्या सहीसाठीसुद्धा अधिष्ठाताच लागतो, ते बदला. हॉस्पिटल चालवण्याचं रीतसर शिक्षण घेतलेले लोक हाताखाली द्या.

डोंगरावरचा, धडगाव
मी शिकलेला कमी आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या मुलाला सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. पहाटे निघून चांदसैलीचा घाट उतरायचा, तळोद्याहून पुढची एसटी. गोळी रोज घ्यायची असते आणि मधून मधून रक्त तपासावं लागतं, नाहीतर डोस बदलता येत नाही. ज्या डॉक्टरांबद्दल हे लिहिलंय तेच त्याला बघायचे बहुतेक. आमची पावरी बोली बोलायचे थोडी. मुलगा त्यांना घाबरत नव्हता.

मागच्या वेळी गेलो तर ते मीटिंगला. रागानं परत आलो होतो, एक दिवसाची मजुरीपण गेली. पण एक सांगतो. ते वर बसल्यापासून आमचं रक्त बाहेर पाठवत नाहीत, मशीन तिथेच आलंय, रिपोर्ट त्याच दिवशी हातात. आधी रिपोर्टसाठी दुसरी फेरी व्हायची.

म्हणून मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. ते नसले तरी त्यांच्या जागी बसणारं माणूस ठरलेल्या दिवशी हवं, एवढंच. आता तिथे नवीन मॅडम आल्यात म्हणतात. त्या मंगळवारी बसतात की शुक्रवारी, कुणाला पक्कं माहीत असेल तर लिहा. पुढच्या आठवड्यात पोराला घेऊन उतरायचंय.