मदत हवी आहे: आजीच्या लोडातला कापूस, झोपाळ्याच्या उशा आणि चपटलेली बीन बॅग

मंडळी, भर श्रावणात हा प्रश्न घेऊन आले, कारण हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरलेली नाही. एका कोपऱ्यात दोन लोड उसवून पडलेत, दुसऱ्यात लेकाची बीन बॅग पापडासारखी पसरली आहे.

नाशिकच्या पंचवटीतला वाडा रिकामा करताना आजीचे लोड इकडे गंगापूर रोडच्या फ्लॅटवर आणले. आजी ठणकावून सांगायची, "शुद्ध कापूस आहे, पिंजाऱ्याला ओसरीवर बसवून भरून घेतलाय." परवा उसवले. वर बोटभर थर छान, त्याखाली वाटाण्याएवढ्या गाठी, मधूनमधून सरकी, आणि अगदी पोटात गुंडाळलेलं गोणपाट नि चिंध्या. पिंजाऱ्यानं फसवलं म्हणावं, तर चिंध्यांत माझ्याच लहानपणच्या परकराचा तुकडा निघाला. म्हणजे काटकसर आजीचीच! निवडून धड कापूस साधारण ५ किलो भरला.

यातला एक लोड २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात भिजलेला आहे. गोदाकाठची दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती बुडाली होती, तेव्हा आमच्या ओसरीतही पाणी शिरलं होतं. नंतर चार दिवस गच्चीवर उन्हात टाकला, वरून खडखडीत वाळला, पण पावसाळी हवा सुटली की त्याला अजून कुबट वास येतो. दुसरा लोड माळ्यावर होता, तो कोरडा राहिला.

आता काय करायचंय ते सांगते. झोपाळ्यावर टेकायला १६ बाय १६ इंचाच्या सहा उशा आणि खाली एक बैठक. झोपाळा गॅलरीत आहे, पावसाची झड आत येते. बाबांना मान दुखते, त्यांना नवी उशी हवी. ते कुशीवर झोपतात. आणि बीन बॅग, जी दीड वर्षात चपटली. घरात भाचीचं दोन वर्षांचं पिल्लूही असतं.

गादीवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, "ताई, कापूस आता कोण भरतं? फायबर घ्या." तयार उशी उसवून आतलं दाखवा म्हटलं, तर तेही नको. कापूस वापरायची माझी फार इच्छा आहे, पण हौसेपायी घरात बुरशी नको.

सूतगिरणीवाला:
ताई, पुरात भिजलेला कापूस डोक्याखाली घेऊ नका. ते पाणी नुसतं नदीचं नसतं, गटारं आणि गाळ सगळं त्यात असतं. उन्हानं ओल जाते, आत बसलेली घाण जात नाही. पिंजताना तीच धूळ होऊन नाकात जाईल. तो लोड सोडा. माळ्यावरचा मात्र खुशाल पिंजून घ्या, फक्त आत्ता नको. नेहमीच्या हवेत कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून बसतो, पॉलिस्टर फायबर जेमतेम ०.४ टक्के. पावसाळ्यात हवाच ओली, मग कापूस दमट राहून नीट फुलत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस पसरा आणि मग न्या.

हेच आकडे झोपाळ्यालाही लावा. झडीच्या जागी फायबर बरं, भिजलं तरी चटकन वाळतं. रात्री डोक्याखाली मात्र कापूस घाम टिपतो, फायबर नाही टिपत.

सुईदोरा:
फायबर दोन तऱ्हांचं येतं. एक सुटं, ढगासारखं. दुसरं बारीक गोळ्यांचं. सुटं स्वस्त पडतं, पण काही महिन्यांत एका कोपऱ्यात जमतं. गोळ्या आत फिरत राहतात, दोन थापा मारल्या की उशी परत फुगते. १६ इंचाला मी ४०० ग्रॅम भरते. आतली खोळ अभ्र्यापेक्षा इंचभर मोठी शिवा, नाहीतर कोपरे रिकामे लोंबतात. आमच्या घरी तसलेच लोंबते कोपरे होते, सासूबाई त्यांना शेळीचे कान म्हणायच्या.

बैठकीला फायबर अजिबात नको, बसलं की तळ लागतो. ४० डेन्सिटीचा फोम घ्या. डेन्सिटी म्हणजे घनमीटरला किती किलो, ते टिकाऊपणाचं माप. कडक-मऊ हा वेगळा प्रश्न, तो बसून बघा. दुकानदार दोन्ही एकच असल्यासारखं बोलतात.

काटेसावर:
सावरीच्या कापसाचं कुणीच काढलं नाही? शिमग्याला लाल फुलते ती काटेसावर. तिचा तंतू आतून पोकळ आणि मेणचट, म्हणून पाणी धरत नाही, पण इतका गुळगुळीत की त्याचं सूत कातता येत नाही. उशी पिसासारखी हलकी होते. खोळ घट्ट विणीची हवी, नाहीतर घरभर उडतो. आणि काही वर्षांत त्याचा भुगा होतो, हेही सांगून ठेवतो.

दोन पोरांची आई:
बीन बॅग चपटते कारण थर्माकोलच्या दाण्यात जवळपास सगळी हवाच असते. बसून बसून ती दबली की दाणा परत फुगत नाही. सगळे काढू नका, किलोभर नवे वरून घाला. पण लहान मूल आहे तर दाणे आधी वेगळ्या आतल्या खोळीत भरा, आणि तिची चेन शिवून टाका. दाणा नाकात किंवा श्वासनलिकेत गेला तर एक्स-रेतही दिसत नाही. भरताना पिल्लाला दुसऱ्या खोलीत ठेवा. मी पंखा चालू ठेवून भरले होते. दिवाळीच्या साफसफाईत सुद्धा दाणे सापडत होते.

बोरूबहाद्दर:
बाबांच्या उशीसाठी आधी मोजा, मग भरा. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि कान यांत जेवढी पोकळी, तेवढी उशी दबल्यावर उरायला हवी. सध्याच्या उशीखाली टॉवेलची एकेक घडी वाढवत चार रात्री बघा. आमच्याकडे दोन घड्यांवर भागलं, नवी उशी घ्यावीच लागली नाही. दुखणं जुनं असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, उशीवर किती भार टाकणार?

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. भिजलेला लोड आज काढला. परकराचा तुकडा तेवढा ठेवलाय. टॉवेलचा प्रयोग आजपासून. पहिल्या घडीला बाबा म्हणाले, "हे काय, धोब्याकडे झोपवतेस का?"

कोरडा कापूस साडीत बांधून परत माळ्यावर, तो बाबांच्या उशीला. झोपाळ्याच्या सहा उशांना गोळ्यांचं फायबर. आता एकच विचारायचंय: नाशकात दारात नाही, पण निदान दुकानात आपल्या समोर कापूस पिंजून देणारं कुणी उरलंय का? भद्रकालीत दोन ठिकाणी विचारलं, दोघांनी "ठेवून जा, उद्या न्या" म्हटलं. आपलाच कापूस परत मिळेल याची खात्री कशी करायची?

सूतगिरणीवाला:
नेण्याआधी घरी वजन करा, आणि पिंजून होईपर्यंत तिथंच स्टूल टाकून बसा. थोडी घट येणारच, सरकी आणि धूळ जाते. आजीनंही ओसरीवर बसवूनच भरून घेतला होता ना?